यंत्र-सल्लागाराची निवड
राज्याच्या कृषि खात्यानें सन 2025 मध्यें ‘महाविस्तार एआय’ काढलें. ‘चॅटजीपीटी’ तर 2022 पासून आहेच. तेव्हां मोबाईलवरील या कृत्रिम बुद्धीच्या सल्लागारांपैकीं कोणता पत्करावा? सेनगांवच्या कृषकबंधूंनीं प्रथम आपला स्वभाव तपासावा, असें आम्हांस वाटतें. सोयाबीन पिवळें पडतांच पाठीवर पंप घेणाऱ्या उतावळ्या गृहस्थास, ‘पिवळीं पानें कोवळीं कीं जुनीं? शिरा हिरव्या आहेत काय? शेतांत पाणी सांचलें होतें काय?’ असें उलट विचारणारा सल्लागार हवा. कारण लोहाची उणीव, सांचलेलें पाणी व पिवळा मोझॅक यांवरील उपाय निरनिराळे, आणि चुकीच्या फवारणींत पैसा व दिवस दोन्ही बुडतात. शंका काढीत हंगाम दवडणाऱ्यास मात्र (असे आमच्यांतहि आहेत!) एकच स्पष्ट उत्तर देणारा बरा. हांजी-हांजी करणारा दोघांसही घातक. तो ओळखण्यासाठीं, ज्याचें उत्तर आपणांस पक्कें ठाऊक आहे असा गतसालचा एखादा प्रश्न त्यास मुद्दाम उलटा घालून पाहावा.