बायोप्सीनंतरचा उशीर

स्तनाच्या कॅन्सरचा विषय निघाला की ‘आपल्याकडे बायकाच उशिरा येतात’ हे वाक्य ठरलेले. त्यात तथ्य नाही असे नाही. गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढली जाते, सुगी आणि लग्नकार्ये आधी उरकली जातात, ‘लोखंड लागले की गाठ पसरते’ ही समजूतही अजून मेलेली नाही. पण बाई दवाखान्याची पायरी चढल्यानंतरचा उशीर कुणाच्या नावावर मांडायचा? मॅमोग्राफीचा नंबर पुढच्या आठवड्यात लागतो. बायोप्सीचा तुकडा गेला की उपचार ठरवणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या तपासण्यांचा रिपोर्ट बाहेरगावच्या लॅबमधून यायचा असतो. आधारवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरे, म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी अडकते. ती येते तोवर भूलतज्ज्ञ आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात. एकेक खोळंबा आठ-दहा दिवसांचाच, प्रत्येकाला कारणही सबळ. केसपेपरवरच्या तारखा मात्र ओळीने वाचल्या तर दोन महिने सरलेले असतात.

यावर ठेवणीतले उत्तर असे, की गाठ कित्येक वर्षे वाढत आलेली असते, महिन्याभराने काय बिघडते? एकट्या बाईपुरते ते बहुधा खरे ठरेल, आणि निदान ऐकून हादरलेल्या घराला आठवड्याभराने आभाळ कोसळत नाही हे सांगायलाच हवे. सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला की हे उत्तर टिकत नाही. 2020 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात टिमोथी हॅना आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या कॅन्सरांवरचे 34 अभ्यास एकत्र तपासले, रुग्ण 12 लाखांवर होते. स्तनाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सुमारे 8 टक्क्यांनी वाढतो, असे त्यांना आढळले. याचा अर्थ शंभरात आणखी आठ जणी दगावतात असा नाही. मूळ धोका दहा टक्के असेल तर तो पावणेअकराच्या आसपास जातो. पण ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार 2022 साली भारतात या कॅन्सरच्या सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्ण होत्या. एवढ्या संख्येला लावलेला लहानसा वाढीव धोका लहान राहत नाही. मुळात जास्त आजारी बायकांचीच ऑपरेशने लांबतात, दोष उशिराचा नाही, ही शंका रास्त आहे. म्हणूनच हॅना यांनी असे इतर घटक हिशेबात धरणारेच अभ्यास निवडले. शिवाय आक्रमक गाठ दिसली की डॉक्टर त्या बाईला आधी घेतात, त्यामुळे उशिराचे नुकसान आकड्यांत उलट झाकलेही जाऊ शकते. निम्म्या बायकांना मुद्दाम थांबवून प्रयोग तर कुणी करणार नाही, म्हणून अशाच अभ्यासांवर विसंबावे लागते.

म्हणून उद्याच टेबलावर घ्या, असेही नाही. बायोप्सीविना नुसती गाठ काढून टाकायची आणि कडेला कॅन्सर उरला म्हणून दुसरे ऑपरेशन करायचे, हा प्रकार उशिराइतकाच घातक. मोठ्या गाठीला आधी केमोथेरपी देतात, तोही खोळंबा नव्हे. मोजायचे ते निदानापासून पहिल्या उपचारापर्यंतचे दिवस.

आणि नेमके तेच आपण लोकांसमोर मांडत नाही. इंग्लंडमध्ये कॅन्सरच्या संशयावरून तातडीने पाठवलेल्या रुग्णावर 62 दिवसांत उपचार सुरू व्हावेत असे ठरले आहे. ते उद्दिष्ट वर्षानुवर्षे हुकते आहे, पण हुकल्याचा आकडा दर महिन्याला छापला जातो. सरकारी रुग्णालयांवर आधीच ताण, त्यात ही हजेरी कशाला, असे कुणी म्हणेल. ताण नेमका कुठे आहे, पॅथॉलॉजीत, ऑपरेशन थिएटरात की मंजुरीच्या टेबलावर, हे आकड्यांशिवाय मंत्रालयाला पटवायचे कसे? थिएटर वाढवायला पैसा लागतो. नावातल्या एका अक्षरासाठी अडलेली फाइल सोडवायला लागत नाही. योजनेची मंजुरी कधी मागितली, कधी दिली, याची नोंद असतेच. तिला बायोप्सीची आणि पहिल्या उपचाराची तारीख जोडून जिल्हावार आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत.