बरोबरीत सोडवलेला डाव

जून २०२५, लास वेगास. 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'मधली ५३व्या क्रमांकाची स्पर्धा, 'मिलियनेअर मेकर'. प्रवेश शुल्क १,५०० डॉलर आणि एकूण प्रवेशिका ११,९९६. एवढ्या गर्दीतून टेबलावर शेवटी दोघे उरले, जेम्स कॅरोल आणि जेसी यागिनुमा. पहिले बक्षीस १२ लाख ५५ हजार १८० डॉलर, दुसरे १० लाख ३ हजार ९९० डॉलर. कॅरोलपुढे चिप्सचा डोंगर होता, यागिनुमापुढे त्या मानाने टेकाड. इथवर सगळे नेहमीचेच. वेगळी गोष्ट एकच होती. यागिनुमा जिंकला, तर 'क्लबडब्ल्यूपीटी गोल्ड' या दुसऱ्याच कंपनीच्या जाहिरात योजनेतून त्याला आणखी १० लाख डॉलर मिळणार होते. कॅरोलच्या विजयावर असा कुठलाही जादा मलिदा नव्हता.

मग डोंगर सरकू लागला. कॅरोलने मोठमोठ्या बोली लावायच्या आणि ऐन वेळी पाने टाकून द्यायची, असे डाव एकामागून एक झाले. हरायच्या बेतात असलेला यागिनुमा जिंकला. खेळ पाहणाऱ्या जाणकारांनी तिथेच कपाळावर हात मारला. आयोजकांनी चौकशी केली आणि काही दिवसांनी निकाल दिला: या स्पर्धेला विजेता नाही, मानाचे ब्रेसलेट कुणालाच नाही, आणि उरलेल्या दोन बक्षिसांची बेरीज करून दोघांना निम्मी-निम्मी रक्कम. प्रत्येकी ११ लाख २९ हजार ५८५ डॉलर. कारण म्हणून खेळाची सचोटी आणि संगनमत यांविषयीच्या नियमांचा हवाला दिला गेला.

सांगली-कोल्हापूरकडच्या जत्रेतला आखाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा निकाल ओळखीचा वाटेल. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून पाव तास गोल फिरतात, कुणी पटात शिरत नाही. कडेला बसलेली जुनी माणसे ओरडतात, 'निकाली करा, निकाली!' पंच थोडी वाट पाहतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवतात. इनाम अर्धे-अर्धे. पण तिथे निदान कुणाची पाठ मातीला लागलेली नसते. वेगासमध्ये एकाची पाठ मातीला लागली होती. ती लागली की लावून घेतली, एवढाच प्रश्न होता. त्या प्रश्नाचे उत्तर न देता पंचांनी दोघांनाही फेटे बांधून घरी पाठवले. संगनमत झाले असेल, तर २२ लाखांहून अधिक डॉलर दिले कशाबद्दल? झाले नसेल, तर ब्रेसलेट का रोखले?

'नुकसान कुणाचे झाले?' असा बचाव अशा वेळी हमखास येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. बाकीचे सगळे आधीच बाद झाले होते आणि आपापली बक्षिसे घेऊन मोकळे झाले होते. त्यांच्या वाट्यातला एक सेंटही हलला नव्हता. शेवटी उरलेल्या दोघांनी बक्षिसाची रक्कम आपसात वाटून घेणे ही पोकरमधली जुनी, सर्वांना ठाऊक असलेली रीत आहे. टांगणीला लागले होते ते जाहिरातदाराचे १० लाख. आणि हा जाहिरातदार आयोजकांच्या प्रतिस्पर्धी गोटातला. 'वर्ल्ड सिरीज'चे नाव २०२४ मध्ये ५० कोटी डॉलरना विकले गेले ते 'जीजीपोकर'शी संबंधित 'एनएसयूएस' या समूहाला. म्हणजे शेजाऱ्याने आपल्या वाड्यातल्या कुस्तीवर परस्पर इनाम लावले आणि त्यावरून कुस्ती बिघडली, असा हा मामला.

तरीही हा बचाव मान्य करता येत नाही. पैसे वाटून घेणे वेगळे आणि कुणी जिंकायचे हे आधी ठरवणे वेगळे.

मुळात पोकर हा खोटे बोलायची उघड मुभा असलेला खेळ आहे. हातात काही नसताना सगळे असल्यासारखे वागायचे आणि दोन एक्के आले की दात दुखत असल्यासारखा चेहरा करायचा, हेच त्यातले कसब. बाहेरच्या माणसाला म्हणूनच प्रश्न पडतो, की जिथे फसवणे हाच खेळ, तिथे सचोटीचे नियम कसले? उत्तर सोपे आहे. पोकरमध्ये एकट्याने खोटे बोललेले चालते; दोघांनी मिळून एकमेकांशी खरे बोललेले चालत नाही. गणपतीच्या जागरणात मेंढीकोट खेळताना भिडूला खाकरून, पाय दाबून खुणा केल्या नाहीत असा माणूस विरळा. पण तिथे भिडू तरी जाहीर असतो. पोकरच्या टेबलावर कुणालाच भिडू नसतो. 'एका हाताला एकच खेळाडू' हे या खेळाच्या नियमावलीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे.

ही नियमावली मुख्यतः 'टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन' या संस्थेची. मॅट सॅव्हेज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ती सुरू केली, कारण तोवर प्रत्येक कॅसिनोचे कायदे निराळे होते. तिचा पहिलाच नियम सांगतो, की खेळाचे हित आणि न्याय्यता सर्वांत वर, आणि तशीच वेळ आली तर नियमाच्या शब्दापेक्षा समंजसपणाचा निर्णय मोठा. बाकीचे नियम वाचताना गंमत वाटते, कारण एकेका नियमामागे कुणाची तरी एकेक चलाखी दडलेली दिसते.

'स्ट्रिंग बेट'चेच घ्या. खेळाडू काही न बोलता चिप्सची एक चवड पुढे सरकवतो, हात क्षणभर तिथेच ठेवतो, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. तो सैलावला, असे दिसले की हात मागे नेऊन दुसरी चवड आणतो. दोन सेकंदांचा खेळ, पण त्यात समोरच्याची प्रतिक्रिया फुकटात वाचून झालेली असते. म्हणून आकडा आधी तोंडाने सांगा, नाहीतर सगळ्या चिप्स एकाच हालचालीत पुढे ठेवा. दुसरी चवड डीलर परत ढकलतो. तसेच मोठ्या चिपचे. समोरची बोली हजाराची असताना कुणी न बोलता पाच हजारांची एकच चिप टाकली, तर ती बोली वाढवली असे धरत नाहीत, हजाराची बरोबरी केली असे धरतात. 'मला वाढवायचे होते' ही सबब नंतर चालत नाही. आणि सगळ्या चिप्स पणाला लागून बोली संपली की संबंधित खेळाडूंना पाने तिथल्या तिथे उघडी करावी लागतात. कुणी कुणाला मुद्दाम चिप्स ओतत असेल, तर ते टेबलावरच्या सगळ्यांना दिसावे.

चिप्स ओतण्याचे एवढे भय का, हे स्पर्धेच्या बांधणीत आहे. साध्या खेळात चिप म्हणजे पैसा. उठताना मोजून घ्यायचा. स्पर्धेतली चिप वटवता येत नाही. ती फक्त तुम्हाला टिकवून धरते आणि बक्षीस मिळते ते कितव्या क्रमांकावर बाद झालात त्यावर. त्यामुळे एक जण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांची पत वाढते, आणि एका मित्राने दुसऱ्याला एका डावात जीवदान दिले की त्याची किंमत टेबलावरचे बाकीचे, त्यांना कळतही नाही अशा रीतीने, भरतात. मित्राविरुद्ध हात आखडता घेऊन खेळणे, ज्याला 'सॉफ्ट प्ले' म्हणतात, दंडाला पात्र आहे ते याचसाठी. त्यात कुणी कुणाला खूणही केलेली नसते. फक्त मारायचे होते तिथे मारले नाही.

सगळ्यात मोठी फट आहे ती हिश्शांची. १०,००० डॉलर प्रवेश शुल्क एकट्याच्या खिशातून भरणारे थोडेच. खेळाडू आपल्या संभाव्य बक्षिसाचे दहा-वीस टक्के विकतात, मित्र एकमेकांत पाच-पाच टक्क्यांची अदलाबदल करतात. हे बेकायदा नाही, लपूनछपूनही नाही. धंद्याचा भागच आहे. पण ज्याच्यात आपला वीस टक्के हिस्सा आहे तो समोर बसला, तर त्याला बाद करायला हात किती धजेल? हे हिस्से सहसा दोघांच्या फोनमधल्या संदेशांत राहतात. टेबलावरच्या तिसऱ्याला त्यांचा पत्ता नसतो.

दुसरी फट बाहेरून मिळणाऱ्या मदतीची. २०२४ मध्ये 'वर्ल्ड सिरीज'च्या मुख्य स्पर्धेत १०,११२ प्रवेशिका आल्या आणि १ कोटी डॉलरचे पहिले बक्षीस जोनाथन टमायोने जिंकले. अंतिम टेबलावर तो डावांच्या मध्ये कडेला जाऊन आपल्या मित्रांशी बोलत होता. त्यांत २०१५चा विजेता जो मॅकीहेन होता, डॉमिनिक निट्शे होता, आणि एक उघडा लॅपटॉपही होता. कुठल्या पानांवर किती बोली गणिताने योग्य ठरते, हे सांगणारी सॉफ्टवेअर आता घरोघरी आहेत. सगळे अभ्यासासाठी ती वापरतात. पण परीक्षा चालू असताना वर्गाच्या दारात गाइड घेऊन उभे राहणाऱ्याला काय म्हणायचे? टमायोचे विजेतेपद कायम राहिले आणि ते योग्यच झाले, कारण असे करू नका हे तेव्हा पुरेशा स्पष्ट शब्दांत कुठे लिहिलेले नव्हते. 'वर्ल्ड सिरीज'च्या २०२५च्या नियमावलीत अशा उपकरणांवर आणि तक्त्यांवर बंदी आली. खेळात चलाखी आधी येते, नियम मागून धापा टाकत येतो.

याच्या शेजारी विल्यम कॅसूफला उभे करून पाहावे. इंग्लंडचा, वकिलीचे शिक्षण घेतलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. २०१६च्या मुख्य स्पर्धेत हातात नुसती नव्वी मोठी असताना बोलून बोलून त्याने स्टेसी मॅट्युसनला राणीची जोडी टाकायला लावली. टीव्हीवर तो डाव गाजला. पण प्रत्येक निर्णयाला मिनिटेच्या मिनिटे लावणे आणि समोरच्याला टोचत राहणे यामुळे टेबल वैतागले, त्याला दंडही झाला, आणि तो सतराव्या क्रमांकावर बाद झाला तेव्हा टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी विनाकारण वेळ काढणाऱ्यांवर घड्याळ लावण्याचे नियम कडक झाले. तो २०२५ मध्ये परतला, पुन्हा तेच, पुन्हा ताकिदी. ३३व्या क्रमांकावर बाद झाल्यावर जाता जाता तो जे बोलला, त्यावरून त्याला त्या मालिकेच्या आवारात यायला बंदी झाली.

कॅसूफची तरफदारी करायचे कारण नाही. शेजारी बसून दहा तास त्याची बडबड ऐकणाऱ्याला हा लेख पटणारही नाही. पण त्याने जे केले ते सगळ्यांच्या देखत केले. ज्याला त्रास झाला तो हात वर करून फ्लोअरच्या माणसाला, म्हणजे पंचाला, बोलावू शकत होता, आणि लोकांनी बोलावलेही. एकाच उन्हाळ्यात, एकाच मालिकेत, आरडाओरडा करणाऱ्याला दाराबाहेर काढले गेले आणि ज्यांचा डाव विजेता देण्याजोगाही आयोजकांना वाटला नाही, ते दोघे प्रत्येकी अकरा लाख डॉलर घेऊन गेले. शिस्तीचा दांडका सगळ्यात सोप्या पाठीवर पडतो तो असा.

चोरीच्या बाबतीत असा गोंधळ होत नाही. जानेवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या 'बोर्गाटा' कॅसिनोत नॉर्थ कॅरोलिनाच्या एका खेळाडूने बनावट चिप्स आणल्या, आणि उरलेल्या जवळच्या हॉटेलच्या शौचकूपात सोडल्या. नळ तुंबले आणि बिंग फुटले. २७ खेळाडू उरले असताना स्पर्धा रद्द झाली, त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. पोलीस, न्यायालय, शिक्षा, सगळे सरळ. नियमांची खरी कसोटी लागते ती जिथे नळ तुंबत नाही तिथे.

आपल्याकडे हा विषय आता मांडवीच्या काठाशी येऊन थांबतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि देशातली पोकरची मोठी संकेतस्थळे पैशांचा खेळ बंद करून बसली. उरल्या त्या पणजीच्या तरंगत्या कॅसिनोंमधल्या स्पर्धा. फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत जुगार खेळायला मनाई आहे, त्यामुळे टेबलावर मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूरुचीच मंडळी. या जगात बहुतेक जण एकमेकांना ओळखतात. एकत्र राहतात, एकत्र सराव करतात, एकमेकांत हिस्से घेतात. अकरा हजारांच्या गर्दीत दोन मित्र एका टेबलावर येणे हा योगायोग असतो. दोनशेच्या मैदानात तो रोजचा प्रसंग आहे.

बक्षिसावर ३० टक्के कर लागतो म्हणून खेळाडूचा पॅन आयोजकांकडे असतोच. नोंदणीच्या त्याच अर्जात आणखी एक रकाना टाकायला छापखान्याचा काही खर्च वाढणार नाही: या स्पर्धेतल्या कोणत्या खेळाडूत तुमचा हिस्सा आहे, आणि तुमच्यात कुणाचा? उत्तरे सगळ्यांना वाचता येतील अशी, टेबलांच्या यादीशेजारी भिंतीवर लावावीत. खोटे लिहिलेले सापडले, तर बक्षीस निम्मे-निम्मे न वाटता पूर्णच्या पूर्ण काढून घ्यावे आणि मागच्या क्रमांकावर बाद झालेल्यांत वाटावे.