सही बापाची, जागरण आईचं

नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाल्याचा संशय आला, की डॉक्टर पुष्कळदा पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला सांगतात. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेत का, म्हणजे बाळाला मेंदूज्वर आहे का, ते त्यातून कळतं. या तपासणीच्या कागदावर सही कोणाची मागतात? बापाची. तो नसला तर आजोबांची, मामाची. ओली बाळंतीण शेजारच्या वॉर्डात जागी बसलेली असते. बाळ दूध ओढत नाही हे सगळ्यांत आधी तिनेच ओळखलेलं असतं. तिला मात्र कोणी विचारत नाही.

संघटनेच्या कामात मी दवाखान्यांतून बायांसोबत बसते. "पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं," हे किती वेळा ऐकलंय! घरचे नको म्हणाले, की "नातेवाईक अडाणी" म्हणून दवाखाना मोकळा. माझा राग इथे आहे. भीती वाटणं हा अडाणीपणा नव्हे; ती घालवायचा प्रयत्नच न करणं ही बेफिकिरी आहे. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई घालतात, पाणी चमचाभरसुद्धा काढत नाहीत आणि शरीर ते पुन्हा तयार करतं. हे सांगायला किती वेळ लागतो?

बाळ अत्यवस्थ असेल तर तपासणी थोडी पुढे ढकलतात, औषध मात्र लगेच सुरू करतात. पण तपासणी कायमची टळली तर? एवढ्याशा बाळाची मान ताठ होईलच असं नाही. दूध तुटतं, अंग तापतं किंवा गार पडतं, बाळ मलूल होतं, कधी झटके येतात. रक्तात जंतू सापडले नाहीत तरी मेंदूज्वर असू शकतो. त्याचं औषध बहुधा तीन आठवडे शिरेतून द्यावं लागतं. निदानच नसेल तर ते आधीच थांबण्याचा धोका असतो. वाचलेल्या काही मुलांना पुढे ऐकू येत नाही, फिट्स येतात. मग तेच घर म्हणतं, "हिच्याच पोटी असलं कसं निपजलं?" न विचारलेल्या बाईवर दोष मात्र पुरा!

कायद्याची सबब कोणी सांगू नये. १९५६च्या हिंदू पालकत्व कायद्यात 'बाप, आणि त्याच्यानंतर आई' असं आहे खरं. पण 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नव्हे, तो हजर नसतानाही आई पालक असते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलं. खर्चाचीही सबब नको. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाच्या तपासण्या, औषधं आणि गाडी २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने मोफत केली आहे.

मैत्रिणींनो, आपल्या मागण्या साध्या आहेत. तपासणी कशासाठी, हे आईला तिच्या बोलीत सांगा. संमती तिचीही घ्या. निकाल तिच्या हाती द्या. मेंदूज्वर झालेल्या प्रत्येक बाळाचे कान तपासल्याशिवाय त्याला वाऱ्यावर सोडू नका. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात कागदावर सही कोणाची घेतात, हे या महिन्यात जाऊन विचारा आणि आम्हाला लिहून कळवा.