तटबंदीचा घसारा

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे झाला. लागोपाठ तिसऱ्या अजिंक्यपदाची आस धरून उतरलेल्या कॅन्सस सिटी चीफ्स संघाचा फिलाडेल्फिया ईगल्सने त्यात ४० विरुद्ध २२ गुणांनी पराभव केला. हे आकडेदेखील पराभवाची खरी कल्पना देत नाहीत. मध्यंतराला ईगल्सचे २४ गुण झाले होते आणि चीफ्सचे खाते उघडलेलेही नव्हते. चीफ्सचा नायक पॅट्रिक महोम्स त्या दिवशी चेंडू हातात असतानाच सहा वेळा जमिनीवर लोळवला गेला. अशा पराभवाचा जाब प्रथम नायकाला विचारला जातो, ही जनरीतच आहे. वस्तुतः तो विचारावयास हवा त्याच्यापुढे पाच जणांची रांग उभी करणाऱ्या व्यवस्थापनाला.

नाव फुटबॉल असले तरी या खेळात चेंडू बहुतांशी हातानेच खेळला जातो. चाल रचणारा व चेंडू फेकणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडू असतात : मध्यभागी सेंटर, त्याच्या दोहो बाजूंस गार्ड आणि दोन्ही टोकांना टॅकल. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यासाठी लागणारे दोन-तीन सेकंद मिळवून देणे हे या पाचांचे मुख्य काम. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे उघडी पडते, म्हणून डाव्या टॅकलची जागा सर्वांत नाजूक मानली जाते. या खेळाडूंच्या नावावर सहसा गुण लागत नाहीत. वहीत नोंद होते ती त्यांच्या चुकांची. काम चोख झाले तर त्यांचे अस्तित्वही प्रेक्षकाला जाणवत नाही. जे काम केवळ बिघडल्यावरच दिसते, त्याची किंमत कशी ठरवावयाची, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न या खेळाने नव्याने उभा केला आहे.

२०२१ चा धडा

चीफ्सला हा धडा पूर्वी एकदा मिळाला होता. २०२० मध्ये महोम्सशी दहा वर्षांसाठी ४५ कोटी डॉलरचा करार झाला. परंतु ७ फेब्रुवारी २०२१ च्या अंतिम सामन्याच्या वेळी दोन्ही टॅकल, एरिक फिशर व मिचेल श्वार्ट्झ, जायबंदी होते. गार्ड लॉराँ डुव्हर्ने-टार्डिफ हा पेशाने डॉक्टर. महासाथीत रुग्णसेवेसाठी त्याने तो हंगामच सोडला होता. उरलेल्यांची जागा बदलून कशीबशी रांग जुळविण्यात आली आणि टॅम्पा बेने ती मोडून काढली. ३१ विरुद्ध ९ असा तो पराभव होता.

यानंतर व्यवस्थापनाने दाखविलेला निर्धार प्रशंसनीय होता. फिशर व श्वार्ट्झ यांना मार्च २०२१ मध्ये एकाच दिवशी निरोप देण्यात आला. ज्यो थूनी या गार्डला पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलर देऊन आणले. डावा टॅकल ऑर्लँडो ब्राऊन याच्यासाठी महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील पहिल्या फेरीचा हक्क सोडला. त्याच निवडीत दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत गार्ड ट्रे स्मिथ मिळाले. प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर १९९४ पासून कमाल मर्यादा आहे आणि महासाथीमुळे २०२१ साठी ती १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाख डॉलरवर आली होती. तंगीच्या वर्षी केलेला हा खर्च होता. त्याचे फळ १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाले. प्रतिस्पर्धी ईगल्सनेच त्या हंगामातील साखळी सामन्यांत क्वार्टरबॅकना ७० वेळा लोळविले होते. अंतिम सामन्यात महोम्सला ते एकदाही लोळवू शकले नाहीत. चीफ्सने ३८ विरुद्ध ३५ असा विजय मिळविला. क्वार्टरबॅक तोच, प्रशिक्षक अँडी रीड तेच. रांग तेवढी बदललेली होती.

हंगामी नेमणुका

तथापि धडा मिळणे वेगळे आणि तो अंगवळणी पडणे वेगळे. मार्च २०२३ मध्ये ब्राऊन सिनसिनाटीला गेला. त्यानंतर डाव्या टॅकलच्या जागेवर ज्या नेमणुका झाल्या, त्यांना हंगामी याखेरीज दुसरा शब्द नाही. प्रथम डोनोव्हन स्मिथ एका वर्षासाठी आला. २०२४ च्या निवडीत पहिल्या फेरीचा हक्क झेव्हियर वर्दी या वेगवान झेलणाऱ्यावर खर्च झाला आणि टॅकल किंग्जली सुआमाटाइया दुसऱ्या फेरीत घेतला गेला. त्या नवख्याला दुसऱ्याच सामन्यात बाहेर बसविण्यात आले. मग वान्या मॉरिस, मग नोव्हेंबरात आणलेला डी. जे. हम्फ्रीज, तोही पहिल्याच सामन्यात जायबंदी. अखेर डिसेंबरात थूनीला गार्डच्या जागेवरून टॅकलच्या जागी हलविण्यात आले. एक भगदाड बुजविण्यासाठी भिंतीच्या भक्कम भागातील दगड काढावा, तसा हा प्रकार होता. न्यू ऑर्लिन्सच्या सामन्यात ईगल्सने जादा खेळाडू धाडून हल्ला चढविण्याची वेळच येऊ दिली नाही. नेहमीचे चार जण पुरेसे ठरले.

एका जागेच्या उणिवेने एवढे का बिघडावे? अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात याचे उत्तर आहे. १९८६ मध्ये चॅलेंजर यान एका रबरी कड्याच्या बिघाडाने नष्ट झाले, त्यावरून या सिद्धान्ताचे नाव पडले. अनेक उद्योगांत निरनिराळ्या कामांच्या गुणवत्तेची बेरीज होत नसून गुणाकार होतो, हे त्याचे सार. समजा, पाचही जण शंभरपैकी ९५ चालींत आपला प्रतिस्पर्धी अडवितात. पाचांनी एकाच वेळी अडविण्याचे प्रमाण तेव्हा ७७ भरते. त्यांतील एकाच्या जागी शंभरपैकी ७० चालींत टिकणारा ठेवला, की तेच प्रमाण ५७ वर उतरते. चौघे तसेच उत्तम राहतात, पण त्यांच्या उत्तमपणाचा उपयोग घटतो. एका जागेवर केलेली काटकसर इतर चार जागांवरील वेतनही वाया घालविते.

यावर आक्षेप असा की, वेतनमर्यादेच्या चौकटीत प्रत्येक जागी उत्तम खेळाडू ठेवता येत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२४ चे अजिंक्यपद चीफ्सने हंगामी टॅकलच्या साह्यानेच जिंकले होते. आक्षेपात तथ्य आहे. २०२५ च्या पराभवात बचावफळीचा आणि खुद्द महोम्सच्या चुकांचाही वाटा होता, हेही मान्य केले पाहिजे. परंतु एका वर्षी न कोसळलेली डागडुजी म्हणजे पक्के बांधकाम नव्हे. आणि उत्तम रांग केवळ पैशानेच उभी राहते, हेही खरे नाही. विजेत्या ईगल्सचा डावा टॅकल जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातील रग्बीपटू. २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला तेव्हा तो हा खेळ एकदाही खेळला नव्हता. त्याला दोन वर्षे घडविण्यात आले. सेंटर जेसन केल्सी अजून खेळत असतानाच, २०२२ मध्ये, कॅम जर्गेन्स याची निवड झाली. २०२३ मध्ये तो केल्सीच्या शेजारी गार्ड म्हणून खेळला आणि २०२४ मध्ये केल्सी निवृत्त होताच त्याच्या जागी उभा राहिला. या रांगेला शिकविणारे जेफ स्टाउटलँड २०१३ पासून तेथे होते. उत्तराधिकारी आधी आणि रिकामी जागा नंतर, हा तेथील क्रम होता.

पराभवानंतर चीफ्सने पुन्हा तिजोरी उघडली. ट्रे स्मिथला चार वर्षांसाठी ९ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. गुडघ्याच्या दुखापतीतून उठणारा टॅकल जोश सिमन्स पहिल्या फेरीत घेतला गेला. थूनीला मात्र शिकागोला देऊन टाकण्यात आले. २०२५ च्या हंगामात संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही आणि १४ डिसेंबर रोजी महोम्सच्या गुडघ्यालाच गंभीर इजा झाली. या सर्वांचे खापर रांगेवर फोडणे अन्यायाचे होईल. पण ज्याच्या शरीरावर ४५ कोटी डॉलरची इमारत उभी आहे, ते शरीर किती नाशवंत आहे, हे त्या दिवशी उघड झाले.

कोणताही कारखानदार यंत्राच्या घसाऱ्यासाठी दरवर्षी तरतूद करतो. यंत्र बंद पडण्याची वाट तो पाहत नाही. चीफ्सने २०२१ मध्ये रांगेवर मोठा भांडवली खर्च केला, पण डाव्या टॅकलच्या जागी घसाऱ्याची तरतूद केली नाही. पराभव झाला की तटबंदीवर पैसा ओतावयाचा आणि विजय मिळाला की तिला विसरावयाचे, हा हिशेब अखेरीस महागच पडतो. तटबंदीची डागडुजी करावयाची, ती शांततेच्या काळात.