आधी रेघ, मग मुख्यालय

अहिल्यानगर जिल्ह्याच्या विभाजनाचा विषय निघाला की बोलणे दुसऱ्याच वाक्याला मुख्यालयावर येते. श्रीरामपूर, संगमनेर की शिर्डी? २०२३ मध्ये शिर्डीला अपर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर झाले, तेव्हाही याच वादाला पुन्हा धार चढली. जिल्हा चौदा तालुक्यांचा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, क्षेत्रफळात राज्यात पहिला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पंचेचाळीस लाखांवर गेली होती. तो विभागायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मुख्यालय कुठे, यावर आपण जितका घसा कोरडा केला, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही विचार रेघ कुठून जाणार आणि तिने कुणाचे काय बिघडणार, यावर केलेला नाही. ही रेघ काय करू शकते, हे पाहायला दूर जावे लागत नाही. याच जिल्ह्याचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास पुरेसा आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅप्टन हेन्री पॉटिंजर नगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, पहिला कलेक्टर झाला. तेव्हाचा नगर जिल्हा उत्तरेला वणीपासून दक्षिणेला करमाळ्यापर्यंत पसरलेला होता. १८३८ मध्ये सोलापूरची वेगळी कलेक्टरी झाली. शिंद्यांशी झालेल्या १८६० च्या तहानंतर श्रीगोंद्याकडची गावे अदलाबदल करून इंग्रजांनी घेतली. १८६९ मध्ये नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला. सिन्नर, निफाड, येवला, चांदवड, दिंडोरी, इगतपुरी हा सगळा पट्टा नगरमधून तिकडे गेला आणि मालेगाव, नांदगाव, बागलाण खानदेशातून आले. पन्नास वर्षांत नकाशा इतक्या वेळा फिरला. त्यानंतर १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये जे अकरा तालुके दिसतात, त्यांचाच सांगाडा आजही टिकून आहे. पाथर्डी, श्रीरामपूर, राहाता ही नावे नंतर त्यात भरली, एवढेच. जिल्ह्याच्या हद्दी पवित्र असतात, त्यांना हात लावू नये, असे म्हणणाऱ्यांना या इतिहासात काहीच आधार सापडणार नाही.

पण त्याच इतिहासात एक गंभीर इशारा आहे. नांदूर शिंगोटे सिन्नर तालुक्यात, तिथून थोडे दक्षिणेला आले की संगमनेर. जमीन तीच, दुष्काळ तोच, सावकाराचे कर्जखतही त्याच भाषेतले. १८६९ पर्यंत दोन्ही बाजूंचा शेतकरी नगर जिल्ह्याचा होता. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या-खते जाळली गेली, दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. खतावर अंगठा आहे म्हणून डोळे मिटून हुकूमनामा न देता न्यायाधीशाने कर्जाचा सगळा इतिहास तपासावा, व्याज वाजवी धरावे, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, ही त्या कायद्याची ताकद. आणि तो लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना. नाशिक त्यात नव्हते. म्हणजे दहा वर्षांपूर्वी कचेरीच्या सोयीसाठी ओढलेल्या एका रेघेमुळे संगमनेरच्या कुणब्याला न्यायालयात जी ढाल मिळाली, ती शेजारच्या सिन्नरच्या कुणब्याला मिळाली नाही. पुढे कायद्याचा विस्तार झाला, पण तोवर कितीकांच्या जमिनी गेल्या असतील याची कल्पना करावी. रेघ ओढणाऱ्याच्या मनात हे असण्याचे कारणच नव्हते. मला नेमकी याचीच चिंता वाटते.

दुसरे उदाहरण अकोले तालुक्याचे. नाशिक वेगळे झाले तेव्हा अकोले नगरमध्येच राहिले. सह्याद्रीच्या या डोंगराळ मुलखातला महादेव कोळी समाज नगर, नाशिक, पुणे आणि ठाणे अशा चार कलेक्टऱ्यांत वाटला गेला. १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेले राघोजी भांगरे याच अकोले भागातले, आणि त्यांचे बंड पुढे या चार जिल्ह्यांत वाटल्या गेलेल्या डोंगरांत पसरले होते. लोकांचा मुलूख एक होता, कागदावरचे जिल्हे चार. आजही राजूरच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत अपिलाची तारीख असेल तर आधी अकोले, मग संगमनेर, मग नगर. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास. तारीख पुढे ढकलली गेली, तर तोच प्रवास पुन्हा. नाशिक त्याला जवळ आहे, पण त्याचा जिल्हा ते नाही.

आता पाण्याकडे या, कारण आजच्या काळात १८७९ च्या कायद्याची जागा पाण्याने घेतली आहे. विभाजनाची कल्पना सगळेजण उत्तर आणि दक्षिण अशीच करतात. उत्तरेला १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा, प्रवरेचे कालवे, ऊस, कारखाने. दक्षिणेला कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेर यांचा पर्जन्यछायेतला पट्टा. मुळा धरण राहुरी तालुक्यात आहे. नगर शहर त्याचेच पाणी पिते आणि त्याचा कालवा शेवगाव-पाथर्डीकडे जातो. राहुरी उत्तरेत गेली, की दक्षिणेच्या राजधानीचे पिण्याचे पाणी दुसऱ्या जिल्ह्यातून येणार. कायद्याने पाणी राज्याचे असते, जिल्ह्याचे नसते, हे खरे. पण मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली, की नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असे कसे उभे राहते, हे आपण पाहिलेच आहे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पालकमंत्री एकच असतो तोवर निदान भांडण एका टेबलावर होते. दोन पालकमंत्री झाल्यावर त्याचे काय, याचे उत्तर आजच लेखी हवे.

काहीजण म्हणतील, इंग्रजांनी हद्दी ठरवल्या सारावसुलीसाठी, त्यांचा दाखला कशाला? हेतू वाईट होता, हे मान्यच. पण आपण तरी रेघ कुणाच्या सोयीने ओढणार आहोत? मतदारसंघांच्या आणि कारखान्यांच्या कार्यक्षेत्रांच्या हिशेबाने ती ओढली, तर हेतूत फारसा फरक उरणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सातबारा मोबाइलवर मिळतो, तालुक्यांना बळ द्या, नवे जिल्हा मुख्यालय म्हणजे कोट्यवधींच्या इमारती. खर्च होणारच. पण सातबारा घरी आला, म्हणून भूसंपादनाच्या मोबदल्याचा वाद, जिल्हा न्यायालयातली सुनावणी किंवा सिव्हिल हॉस्पिटलमधली खाट घरी येत नाही. मोबाइलवर जे उरकते त्यासाठी जिल्हा लागतच नव्हता. जे उरकत नाही, त्यासाठीच तो लागतो. आणि नगरची एकी मोडेल म्हणणाऱ्यांना एवढेच सांगेन, की सोलापूर आणि नाशिक वेगळे झाल्यानंतरही नगर नगरच राहिले.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार जिल्ह्याची हद्द बदलायची तर शासनाला आधी प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. १८६९ मध्ये अकोल्याच्या किंवा सिन्नरच्या माणसाला ही संधी नव्हती. म्हणून मुख्यालयाचे नाव जाहीर होण्याआधी शासनाने तीन गोष्टी मांडाव्यात: गावांची यादी आणि प्रत्येक गावाचे नव्या मुख्यालयापासूनचे अंतर, मुळा व भंडारदऱ्याच्या पाण्याचा दोन्ही जिल्ह्यांना बांधील असा लेखी करार, आणि अकोल्यातल्या ग्रामसभांचे मत, नाशिकचा पर्याय खुला ठेवून. हे न मांडता नुसते मुख्यालयाचे नाव पुढे आले, तर ज्यांच्या गावाला ते मिळाले त्यांनीही फटाके वाजवू नयेत. प्रारूप निघेल तेव्हा हरकतीचा अर्ज लिहायला बसा, आणि पहिल्या ओळीत मुख्यालयाऐवजी पाण्याबद्दल लिहा.