हसूरचंपूचे घाटगे
मोताळ्याच्या शिवारात विमानाचा आवाज आला की बांधावरची पोरं मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहतात. त्यांना मला विष्णू माधव घाटग्यांविषयी सांगावंसं वाटतं. 1908 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूत जन्मलेला हा मुलगा थेट जर्मनीत, ग्योटिंगेनला, शास्त्रज्ञ लुडविग प्रांटलच्या हाताखाली शिकला. पंखाभोवती हवा वाहते कशी, हे तिथं अभ्यासलं. परतल्यावर बंगळुरूला त्यांनी एचटी-2 हे विमान घडवलं. एकामागे एक दोन खुर्च्या, पुढे पंखा, शेपटीखाली चिमुकलं चाक. 5 ऑगस्ट 1951 ला ते उडालं आणि पुढे हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी त्यावरच उड्डाणाचे पहिले धडे गिरवले. आमच्या वर्गात राइट बंधूंची तसबीर होती. घाटग्यांचं नाव मला चाळिशीत कळलं, याची फार रुखरुख वाटते.