वाट चुकता कामा नये

रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून ४.५ तासांच्या आत द्यावे लागते. हदगावहून नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो. उरलेला वेळ ‘सीटी स्कॅन कुठे, रक्तपेढी कुठे’ असे विचारण्यात जाऊ नये.

राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांत सरकारी रुग्णालयांकडून एकसारखे, सहज समजणारे दिशाफलक अपेक्षित आहेत. पण ‘क्ष-किरण कक्ष’ एवढी पाटी लावून भागत नाही. हदगाव, किनवटकडून येणाऱ्या अनेक वृद्धांना वाचता येत नाही. तेलंगणातून येणाऱ्यांना मराठी येतेच असे नाही. त्यामुळे फाटकापासून विभागापर्यंत जमिनीवर रंगीत पट्टा, दारावर मोठा क्रमांक व चित्र हवे. नुसता रंग पुरत नाही, कारण काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. केसपेपरवरही तोच क्रमांक असावा. प्रत्येक वळणावर पाटी हवी आणि ती रात्री दिसली पाहिजे.

याला मोठा निधी लागत नाही. निरक्षर, प्रथमच आलेल्या माणसाला फाटकातून आत पाठवावे. तो जिथे थबकेल, तिथे पाटी कमी आहे.